रुमाल, ध्वनिफीत आणि राधानगरी: विद्यापीठाच्या संग्रहाचा इतिहास

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले आणि पहिले कुलगुरू म्हणून डॉ. आप्पासाहेब पवार यांनी सूत्रे हाती घेतली. आप्पासाहेब पेशाने इतिहासाचे प्राध्यापक आणि वृत्तीने कागदांचे माणूस. नव्या विद्यापीठापुढे जागा, पैसा, अभ्यासक्रम अशी शंभर निकडीची कामे असताना त्यांनी जुनी कागदपत्रे मिळवून, वाचून, छापण्याचे काम हाती घेतले, आणि ते विद्यापीठाच्या अंगवळणी पडले. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड १९६९ पासून निघू लागले. मे १९७० मध्ये मराठ्यांच्या इतिहासावर परिसंवाद झाला आणि त्यातले निबंध विद्यापीठानेच ग्रंथरूपाने काढले. १९७१ मध्ये ताराबाईंच्या काळातल्या फार्सी पत्रांचा स्वतंत्र संग्रह आला. खाफीखानासारख्या मोगल इतिहासकाराला जिची दखल घेणे भाग पडले, त्या राणीचा कारभार तिच्या बाजूच्या कागदांतून तपासून पाहण्याची सोय या खंडांनी केली. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या देवघराशेजारच्या फडताळात पडलेला कागदपत्रांचा रुमाल हा एका घराण्याचा खासगी ऐवज असला, तरी त्यातला मजकूर साऱ्या मुलखाचा आहे, अशी भूमिका या कामामागे होती. पुढच्या विवेचनात तीच भूमिका तिच्या तर्कशुद्ध टोकापर्यंत नेली आहे. कागदाला लावलेला न्याय विद्यापीठाने आवाजालाही लावला पाहिजे, आणि तसे का, हे राधानगरी तालुक्याकडे पाहिले की चांगले उमगते, एवढेच म्हणायचे आहे.

पुढची मोठी कामगिरी राजर्षी शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांची. विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने डॉ. विलास सांगवे यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७८ मध्ये प्रसिद्ध केला आणि नंतर खंडामागून खंड येत गेले. अण्णासाहेब लठ्ठे यांचे चरित्र १९२४ चे, धनंजय कीरांचे १९७६ चे. पण चरित्रकाराने काय निवडले आणि काय गाळले हे पाहायचे, तर मूळ हुकूम, अर्ज, अहवाल आणि पत्रव्यवहारच हाताशी हवा. तो या खंडांमुळे सामान्य वाचकाच्याही हाती आला. त्याच्या जोडीला राज्य शासनाच्या कोल्हापूर पुराभिलेखागारातली मोडी दप्तरे आहेत, १८५० पासून चाललेले करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आपला हस्तलिखितांचा ठेवा सांभाळून आहे. वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालयाने तर लेखकाच्या वापरातल्या वस्तूही विद्यापीठाच्या आवारात आणल्या. म्हणजे ‘संग्रहात काय बसते’ याची व्याख्या या संस्थेने वेळोवेळी रुंदावलेली आहे. तरी एकंदर कल लिखिताकडेच राहिला, आणि त्यात नवल नाही. ज्या पिढीने हे काम सुरू केले तिच्यावर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे संस्कार होते. १८९८ पासून निघालेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांनी अस्सल कागद आणि ऐकीव गोष्ट यांच्यात जी भिंत घातली, तिच्या आडोशालाच मराठी इतिहासलेखन मोठे झाले.

आता राधानगरीकडे वळू. वळवडजवळ १९०८ मध्ये वसवलेल्या या गावाला शाहू महाराजांनी आपल्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे नाव दिले. त्याच वर्षी अक्कासाहेबांचा विवाह देवासच्या तुकोजीराव पवारांशी झाला. (या राजकन्येच्या सासरची हकिगत ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराच्या १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात सापडते. गावाच्या नावामागची बाई इंग्रजी साहित्यात वावरते, हे गावात किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.) भोगावतीवरच्या धरणाचे काम महाराजांनी सुरू केले. पैशाअभावी ते रखडले, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत पुन्हा हाती घेतले गेले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. लक्ष्मी तलाव, पाणी उतरले की दिसणारा बेनझीर व्हिला, हत्तीमहाल, दाजीपूरचे शिकारीचे रान, त्याच रानाचे १९५८ मध्ये झालेले गवा अभयारण्य, पुढे वाढून ३५१ चौरस किलोमीटरचे झालेले राधानगरी अभयारण्य, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत झालेला त्याचा समावेश, हा सगळा प्रवास कागदावर पायरीपायरीने दाखवता येतो. पावसाळ्यात स्वयंचलित दरवाजे किती उघडले याची तर साऱ्या जिल्ह्यात तासातासाला नोंद होते.

पण कागद ज्याने लिहिला त्याच्या कामाचे तेवढेच टिपतो. दरबाराला धरणाचा खर्च हवा होता, वनखात्याला क्षेत्रफळ हवे होते, महसुलाला गट नंबर हवा होता. चिखलगुठ्ठ्याच्या रोपलावणीत कमरेतून वाकलेल्या बायका काय म्हणत, नाचणीच्या मळणीला भलरी कशी उचलली जाई, दाजीपूरच्या रानातल्या गवळी धनगरांच्या वाड्यांवर कोणत्या देवाला कोणत्या शब्दांत साद घातली जाई, फोंडा घाटातून वरखाली करणाऱ्या माणसांनी कोकणची कोणती चाल घाटावर आणली, हे विचारण्याचे दरबाराला कारण नव्हते. याच तालुक्यात दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण झाले तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या गावांची माणसे दुसऱ्या तालुक्यांतल्या वसाहतींत गेली. भूसंपादनाच्या फायलीत त्यांची जमीन गुंठ्यांत मांडलेली आहे. पण शेतांची नावे, पाणवठे, वेशीवरचे देव, माहेराहून सासरी जायची वाट असा जो भूगोल जात्यावरच्या ओव्यांत आणि पंचमीच्या गाण्यांत घट्ट बसलेला असतो, त्याला कोणत्या फायलीत रकाना असणार? गाव उठले की त्या भूगोलाला टेकायला गाण्याखेरीज दुसरी जागा उरत नाही. आणि जाती तर गिरण्या आल्या तेव्हाच थांबली.

गाण्याला साधन मानणे ही आज सुचलेली टूम आहे असे कोणी म्हणेल, तर मराठीतला जुना दाखला तसे म्हणू देत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, तेव्हा इतिहास सांगायला त्यांना हेच माध्यम जवळचे वाटले. हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळ्यांकडून मिळवलेले ऐतिहासिक पोवाडे १८९१ मध्ये छापले, म्हणजे राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्या सात वर्षे आधी. पुढे य. न. केळकरांनी पोवाड्यांना टीपा आणि चिकित्सा जोडून ते काम पक्क्या पायावर आणले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य लोकसाहित्य समितीने आणि विशेषतः सरोजिनी बाबर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांची गाणी खंडांत गोळा केली. हे सगळे ऋण मान्य करूनही एक उणीव नोंदवावी लागते. हे संग्रह शब्दांचे आहेत. गोंधळ्याच्या तोंडून निघालेला पोवाडा शाळिग्रामांच्या पानावर उतरला तेव्हा संबळ गेले, तुणतुणे गेले, झीलकऱ्यांचे ‘जी जी’ गेले, कुठे श्वास घेतला आणि कुठली ओळ पुन्हा घेतली हेही गेले. ओवी वाचली तर चार चरणांची कविता वाटते. ऐकली तर कळते की जात्याच्या फेऱ्याने तिची लांबी ठरली आहे, आणि दुसऱ्या बाईने पाळूला हात लावला की सूरही बदलतो. पहिल्या फळीच्या संग्राहकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या झोळीत लेखणीच होती.

आवाज न राहिल्याने काय नुकसान होते याचा सर्वांत बोलका दाखला कोल्हापूरच्या दरबारी संगीतात आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांनी इथे राहून जयपूर-अत्रौली गायकी घडवली. भूर्जी खाँ, मंजी खाँ, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावे त्याच झाडाची. १८८३ पासूनच्या गायन समाज देवल क्लबात आणि १९१५ मध्ये उघडलेल्या पॅलेस थिएटरात या शहराचा कान तयार झाला. खाँसाहेब १९४६ मध्ये वारले. ध्वनिमुद्रिका निघू लागून तोवर चार दशके उलटली होती, पण त्यांचे गाणे मुद्रित झाले नाही. त्यांनी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितलेल्या आठवणी आहेत, गोविंदराव टेंब्यांचे रसिक लेखन आहे, म्हणजे लिखित पुराव्याला तोटा नाही. तरीही त्यांचा स्वरलगाव कसा होता, यावर शिष्यांच्या गायनावरून अंदाजच बांधावा लागतो. उलट केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली. गुरूचा आवाज कोल्हापुरातल्याच गंगावेशीपर्यंतही पोहोचत नाही आणि शिष्येचा ताऱ्यांकडे चालला आहे. मधला फरक प्रतिभेचा खचित नाही, एका तबकडीचा आहे. आणि जे दरबाराच्या लाडक्या गवयाच्या बाबतीत घडले, ते राधानगरीच्या सोंगी भजनातल्या पखवाजियाच्या बाबतीत किती सहज घडेल, हे वेगळे सांगायला नको. वास्तूंचाही भरवसा धरता येत नाही. त्याच पॅलेस थिएटरचे झालेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले.

यावर पहिला आक्षेप इतिहासकारांकडून येतो आणि तो वजनदार आहे. गाणे बदलते, गाणारा पदरचे घालतो, तारखा चुकवतो, मग त्यावर इतिहास कसा उभारायचा? प्रश्न रास्त आहे, पण तो बखरीलाही लागू आहे, आणि तरी बखरी आपण अडगळीत टाकल्या नाहीत. त्या कशा वाचायच्या हे शिकलो. महजरात साक्षीदार खोटे बोलतात, इनामाच्या सनदा बनावट निघतात. साधन टाकून देण्यापेक्षा त्याला काय विचारायचे हे ठरवणे, हीच इतिहासाची शिस्त. धरणाची पायाभरणी कोणत्या तिथीला झाली, हे ओवीला विचारू नये. धरणाकडे त्या खोऱ्यातली बाई कोणत्या नजरेने पाहत होती, पाण्याला ती लक्ष्मी म्हणत होती की सवत, हे मात्र दरबारी अहवालाला विचारून उपयोग नाही. शिवाय बदल हाच पुरावा ठरू शकतो. एकच भलरी वेगवेगळ्या दशकांत मुद्रित झाली असेल आणि तिच्यात बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला असेल, तर शेतीच्या इतिहासाला याहून नेमकी साक्ष कुठली हवी?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, भजनी मंडळे आपले कार्यक्रम यूट्यूबवर टाकतात, मग विद्यापीठाने वेगळे ते काय करायचे? इथे साठवण आणि संग्रह यांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो. फोनवरच्या चित्रफितीत गाणाऱ्याचे नाव नसते, गाव नसते, गाणे कोणाकडून आले हे नसते. खाते बंद झाले की फीतही जाते, आणि आवाज जागा वाचवण्यासाठी चेपलेला असतो. अभिलेखागाराच्या दर्जाचे मुद्रण न चेपलेल्या स्वरूपात, निदान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांवर, शक्यतो ९६ किलोहर्ट्झवर ठेवावे, असा आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेचा दंडक आहे. त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवायच्या, आणि ठरावीक काळाने त्या नव्या साधनांवर उतरवून घ्यायच्या. पंचगंगेच्या पुरात आधी तळघरे आणि तळमजले बुडतात हे ज्या शहराने २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिले, त्याला एकाच इमारतीवर विसंबण्याचा धोका सांगावा लागू नये. घाई करण्याचे आणखी एक कारण जुन्या फितींत आहे. युनेस्को आणि याच संघटनेने २०१९ पासून जगभर इशारा दिला की चुंबकीय फितींवरचा मजकूर २०२५ च्या सुमारापर्यंत उतरवून घेतला नाही तर पुष्कळसा कायमचा हातचा जाईल, कारण फिती जितक्या कुजतात त्याहून झपाट्याने त्या वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात नाहीसे होत आहेत. गावोगावच्या मंडळांकडे, शाहिरांच्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर ज्या कॅसेटी आहेत, त्या आजचे रुमाल होत. त्यांना वाळवीऐवजी बुरशी लागते, एवढाच फरक.

हे काम आपल्याकडे होऊ शकत नाही असेही नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालवलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव आणि जात नोंदवण्याची शिस्त त्यांनी पाळली, बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रण केले आणि आता हा ठेवा ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर खुला आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर, बिरोबा-म्हसकोबाच्या जत्रांत टेपरेकॉर्डर घेऊन हिंडले, आणि त्यांनी जमवलेल्या साधनांचा मोठा भाग जर्मनीत हायडेलबर्गला आहे. ॲन फेल्डहाउस यांनी २०१४ मध्ये दोन धनगरी कथनांचे जे इंग्रजी पुस्तक काढले, त्याचे बीज याच मुद्रणांत आहे. १९८२ मध्ये नझीर जयराझभॉय यांनी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजसाठी उभारलेले, आता गुरुग्रामला असलेले संगीत-अभिलेखागार तर याच खंतीतून निघाले, की भारतात मुद्रित केलेले संगीत ऐकायला भारतीय अभ्यासकाला परदेशी जावे लागे. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाची जत्रा ज्या जिल्ह्यात भरते, तिथल्या विद्यार्थ्याने धनगरी ओवी ऐकायला हायडेलबर्गचा पत्ता शोधावा, हे विद्यापीठाच्या मूळ संकल्पाशी जुळत नाही. आणि विद्यापीठाजवळ एक गोष्ट अशी आहे जी हायडेलबर्गजवळ नाही, ती म्हणजे शेजारचा कागद. शाहूकालीन हुकूम आणि त्याच खोऱ्यातले गाणे एकाच सूचीत, एकाच गावाच्या नावाखाली सापडले, तर दोन्ही एकमेकांना तपासतात. संगीताच्या खोलीत गाणी आणि इतिहासाच्या खोलीत कागद अशी वाटणी केली, तर दोन्ही खोल्यांत अर्धवट पुरावा राहील.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र नैतिक आहे, आणि लोककलेच्या उत्सवी कौतुकात तो दडपला जातो. हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा कडकडाट आज कोल्हापूरची शान म्हणून मिरवला जातो. पण हलगी वाजवणे हे कित्येकांच्या पूर्वजांवर जातीने लादलेले गावकीचे काम होते. शाहू महाराजांच्या उपस्थितीत मार्च १९२० मध्ये माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि पुढच्या काळात स्वाभिमानाने जगू पाहणाऱ्या अनेक घरांनी असली वाद्ये जाणीवपूर्वक खाली ठेवली. चौंडके आणि यल्लम्माची गाणी जोगतिणींच्या गळ्यात राहिली, आणि तो गळा एका क्रूर प्रथेने बांधलेला होता. जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध करवीर दरबाराने कायदा केला तोही १९२० मध्येच, आणि राज्याचा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा त्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी आला. अशा वेळी ‘लुप्त होत चाललेली कला जपा’ म्हणणारा संग्राहक नकळत प्रथाही जपायला सांगतो की काय, ही शंका खरी आहे. तिचे उत्तर गाणे न टिपण्यात नाही. न टिपल्यास १९२० च्या कायद्याचा मजकूर राहील, तो करणाऱ्यांची नावे राहतील, आणि ज्यांच्यासाठी तो केला त्या बायका पुन्हा एकदा मुक्या राहतील. उत्तर नोंद कशी करायची यात आहे. गाण्याबरोबर गाणारीचे त्या गाण्याविषयीचे बोलणेही मुद्रित व्हावे, तिला ते का सोडावेसे वाटले हेही. ज्यांनी हलगी खाली ठेवली त्यांचे ‘आम्ही वाजवणार नाही’ हे म्हणणे संगीताच्या इतिहासाचाच भाग आहे आणि ते हलगीच्या शेजारच्या फळीवर असायला हवे. त्या नकारातूनच आंबेडकरी जलशांची नवी गाणी आली.

मालकीचा प्रश्न यातच येतो. पूर्वी रुमाल देणाऱ्या घराण्याचे नाव खंडाच्या प्रस्तावनेत आदराने छापले जाई. ज्याच्या गळ्यातून गाणे घेतले तो बहुधा ‘एक वृद्ध स्त्री’ किंवा ‘स्थानिक कलाकार’ एवढ्यावर आटोपला जाई. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क आला, २०१२ च्या दुरुस्तीने त्याला नैतिक हक्कांची जोड मिळाली, आणि त्याच दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळच्या कृतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभाही दिली. म्हणजे कायदा आडवा येत नाही, उलट वाट दाखवतो. संमतीपत्र मराठीत असावे आणि मोठ्याने वाचून दाखवावे. गाणे सर्वांना खुले, फक्त ग्रंथालयात बसून ऐकण्यापुरते, की काही वर्षे बंद, हे गाणाऱ्याने ठरवावे. बाहेरून कोणी चित्रपटाला किंवा जाहिरातीला मागितले तर गाणाऱ्याला पुन्हा विचारल्यावाचून देऊ नये. पैशाचे म्हणाल, तर चांगले ध्वनिमुद्रणयंत्र आता एखाद्या परदेशी नियतकालिकाच्या वर्गणीहून महाग राहिलेले नाही. महाग आहे तो सूचीकाराचा वेळ, आणि तालुक्यातल्या संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी त्याला हातभार लावू शकतात, कारण कुठल्या वाडीला कुठल्या भावकीचे भजन आहे आणि कोणाची म्हाई कधी असते, हे त्यांनाच ठाऊक. विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा रत्नागिरी जिल्हाही त्याच्या क्षेत्रात होता, म्हणजे फोंडा घाटाची दोन्ही टोके एकाच विद्यापीठात होती. तो कारभारी दुवा पुढे तुटला तरी गाण्यांना ती हद्द माहीत नाही. सूची करताना घाटाखालच्या गावांसाठीही रकाना ठेवावा लागेल. आणि प्रत्येक मुद्रणाची एक प्रत, नोंदपत्रासह, राधानगरीतच एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयात राहावी. ज्या पाळूवर ती ओवी म्हटली गेली त्या घरातल्या नातीला ती ऐकायला विद्यापीठाच्या सागरमाळापर्यंत एसटी करून यावे लागू नये.